सुट्टीत सुधारलेला आवाज जूनमध्ये परत का बसतो?

वाचकाचं पत्र (जरा छाटून): मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ३९. दिवाळीपासून आवाज घोगरा झालाय, वरच्या पट्टीत गेलं की फाटतो, शाळा सुटेपर्यंत तर निव्वळ हवाच येते. आधी तीन महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं की दोन्ही स्वरतंतूंवर नोड्यूल आहेत, म्हणजे बारीक गाठी. मे महिन्यात पूर्ण मौन पाळलं, अगदी गरज पडली तर कुजबुजून बोलायचे. आवाज बराच सुधारला. जूनला शाळा उघडली आणि थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. वर्गावर पत्रा आहे, पावसात माझं मलाच ऐकू येत नाही, त्यात दोन इयत्ता एकत्र. संध्याकाळी घरी शिकवणी, गुरुवारी भजन. सासूबाई ज्येष्ठमध देतात, त्यांचा स्वतःचा आवाजही वर्षभर बसलेलाच आहे, मिश्री लावायची सवय आहे त्यांना. कुणी म्हणतं ऑपरेशन करून टाक, कुणी म्हणतं आवाज कायमचा जाईल. भाच्याने व्हिडिओ पाठवलाय की अमेरिकेत लॅबमध्ये नवे स्वरतंतू तयार करतात. मी काय करू? तीन महिने बिनपगारी रजा काढून गप्प बसू का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात आधी सासूबाईंपाशी अडखळले. तुम्ही ते कंसात टाकल्यासारखं लिहिलंय, पण तंबाखू किंवा मिश्री चालू आहे आणि वर्षभर आवाज बसलेला आहे, म्हणजे घशाला दुर्बीण लावून बघणं ह्याच आठवड्यात व्हायला हवं, ते सणवार झाल्यावर बघू वगैरे नको. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण स्वरयंत्राच्या कॅन्सरची एक गोष्ट अशी आहे की तो स्वरतंतूवर असेल तर आवाज लवकर बदलतो, त्यामुळे तो लवकर सापडूही शकतो आणि लवकर सापडला तर उपचार चांगले होतात, फक्त कुणीतरी बघायला हवं ना. त्यांना ज्येष्ठमध पुरे म्हणावं. आणि गिळताना दुखणं, थुंकीत रक्त, मानेला गाठ, कान ठणकणं, श्वास घेताना आवाज येणं, ह्यातलं काही असेल तर आठवडासुद्धा थांबू नका.

आता तुमचं. तुमची दुर्बीण झालीय हे चांगलं झालं, पण क्रम उलटा झाला. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ साली मार्गदर्शक सूचना सुधारल्या, त्यात सरळ म्हटलंय की आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही किंवा गंभीर कारणाची शंका असेल तर स्वरयंत्र बघा, आणि बघण्याआधी नुसत्या आवाजाच्या तक्रारीवरून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, अँटिबायोटिक, स्टेरॉइड देत बसू नका. जुन्या सूचनांमध्ये ही मुदत तीन महिन्यांपर्यंत ताणलेली होती, ती त्यांनी कमी केली. आपल्याकडे घसा म्हटलं की आधी गोळ्यांचं पाकीट हातात येतं, त्यात तुमचा काही दोष नाही. छातीत जळजळत असेल तर गोळीचा उपयोग आहेच, पण गोळीने गाठी जात नाहीत.

गाठी म्हणजे नक्की काय ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाईमाणसाचे स्वरतंतू साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे, बस. आपण साधं बोलतो तेव्हा ते सेकंदाला २०० च्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. शिकवताना मध्ये श्वास येतो, वाक्यं थांबतात, स-प-क सारख्या अक्षरांना तंतू हलत नाहीत, हे सगळं वजा करून पाच तासांच्या शिकवण्यात निव्वळ दीड तास जरी ते कंप पावले तरी हिशेब होतो १० लाख ८० हजार आपटण्यांचा. एका दिवसाचा! आणि ओरडून बोललं की प्रत्येक आपटणं जास्त जोराचं. त्यातही तंतूंचा पुढचा एक-तृतीयांश भाग जिथे संपतो त्या जागेवर मार सगळ्यात जास्त बसतो, म्हणून गाठी तिथेच येतात, समोरासमोर, दोन्हीकडे. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसंच आहे ते, फक्त इथे घट्टे पडले की दोन तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा सुटते, आणि तुम्ही म्हणता तसा संध्याकाळी आवाजाऐवजी वाराच येतो.

हे तंतू म्हणजे नुसती तार नाही. जपानमध्ये कुरुमे इथल्या मिनोरू हिरानो नावाच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की त्याला थर आहेत, वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा एकदम मऊ थर, मग जरा घट्ट थर, आणि आत स्नायू. आवाज गोड लागतो तो त्या मऊ थरामुळे, कारण वरचं आवरण त्याच्यावर लाटेसारखं सरकतं. जखम नुसत्या वरच्या त्वचेची असेल तर ती लवकर भरते. पण मार खाली मऊ थरापर्यंत गेला आणि तिथे व्रण धरला, की जेलीच्या जागी कोलॅजन, म्हणजे एक कडक धागेदार प्रथिन येतं आणि लाट अडते. आजवर आवाजावरचं निम्मंअधिक संशोधन ह्या एका थराभोवती फिरतंय म्हटलं तरी चालेल, तो कसा वाचवायचा, आणि गेला तर परत कसा आणायचा. तुमच्या गाठी ह्या कडक व्रणाच्या प्रकारातल्या नाहीत, मार कमी झाला की त्या बसू शकतात. मे महिन्यात तेच तर झालं.

मग जूनमध्ये काय झालं? इथे मला एक अभ्यास सांगायचाच आहे, माझा फार आवडता आहे. एरिक हंटर आणि इंगो टिट्झे ह्या दोघांनी २००९ मध्ये ८६ लोकांना दोन तास मोठ्याने वाचायला लावलं आणि पुढचे दोन दिवस त्यांचा आवाज कसकसा पूर्ववत होतो ते मोजलं. चार ते सहा तासांत ९० टक्के सुधारणा झाली, पण पूर्ण यायला १२ ते १८ तास लागले. आणि त्यांचं म्हणणं काय, तर रोज आवाजावर पोट असलेल्या माणसाच्या तंतूंची अवस्था एकदाच झालेल्या जखमेसारखी नसते, जुनाट जखमेसारखी असते, म्हणजे दुरुस्तीचं काम कायम चालूच आणि कधीच पुरं न होणारं.

आता तुमचं वेळापत्रक मांडा. शाळा पाचला सुटते असं धरू, दुसऱ्या दिवशी दहाला भरते, मध्ये सतरा तास. म्हणजे दिवसभराच्या दुरुस्तीला काठावर पुरतील इतके. पण त्यात तुम्ही साडेसहा ते आठ शिकवणी घालता, मग घरी मुलांना हाका, गॅलरीतून शेजारणीशी बोलणं, गुरुवारी टाळ-मृदंगावर चढून भजन. दुरुस्ती सुरू होते आणि दीड तासात परत तोडफोड. शुक्रवारी सकाळी तुमचा आवाज जास्त वाईट असतो का हो? पत्रात लिहिलं नाहीत, पण असेल अशी माझी पैज आहे. सुट्टीने तुमच्या तंतूंना वेळ दिला, पण जूनला तुम्ही ज्या पद्धतीने आणि जितका वेळ बोलायला लागलात ते होतं तसंच राहिलं, मग गाठी का नाही येणार परत. तीन महिने रजा काढलीत तर तीन महिन्यांनी हेच होईल, वर पगार गेलेला असेल. त्यामुळे रजेचा विचार सोडा.

मौनाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे मौनावर लोकांची भलतीच श्रद्धा आहे. तंतूंतून रक्तस्राव झालाय, किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, तर पूर्ण गप्प बसायचं, त्यात वादच नाही. पण किती दिवस? जपानमधल्या क्योटोच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक चाचणी छापली, स्वरतंतूंच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना तीन दिवस गप्प ठेवलं, काहींना सात दिवस, आणि मग दोघांनाही व्हॉइस थेरपी दिली, तर तीन दिवसवाल्यांचे तंतू जास्त चांगले भरले. का, ह्याचा धागा आधी पेशींवरच्या कामात दिसला होता. २००७ मध्ये सशाच्या स्वरतंतूंतल्या पेशी घेऊन त्यांना सूज आणणारं रसायन दिलं आणि सोबत हलका ताण-ढिला, ताण-ढिला असा व्यायाम दिला, तर सूज वाढवणारी जनुकं दबली. मग कॅथरीन व्हर्डोलिनी अ‍ॅबट ह्यांच्या टीमने २०१२ मध्ये माणसांवर बघितलं: एक तास जोरात बोलून तंतू थकवायचे, मग काहींनी गप्प बसायचं, काहींनी नेहमीसारखं बोलायचं आणि काहींनी ओठ-नाकापाशी गुणगुणणारा हलका आवाज काढायचा. दुसऱ्या दिवशी स्वरयंत्रातल्या स्रावात सुजेच्या खुणा मोजल्या तर गुणगुणणारे सगळ्यात बऱ्या स्थितीत होते. माणसं मोजून नऊ होती, त्यामुळे मी ह्यावर घर बांधणार नाही, पण दिशा कळते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंटला चालवतात हे आता गावातही सगळ्यांना माहीत आहे, घशाच्या बाबतीत मात्र आपण अजून तोंडावर बोट ठेवून बसवतोय.

आणि कुजबुज! मौनात तुम्ही कुजबुजत होतात हे वाचून मी कपाळावर हात मारला. २००६ मध्ये रुबिन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० पेशंटच्या घशात बघितलं तेव्हा ६९ टक्के लोकांचा घसा कुजबुजताना आणखीच आवळत होता, फक्त १३ टक्क्यांचा सैल झाला. तुम्ही कुठल्या गटात आहात ते न बघता मी सांगू शकत नाही, पण बहुमत कुठे आहे ते बघा. त्यापेक्षा हळू, साध्या आवाजात, समोरच्याला जवळ बोलावून बोला. आणि ते दर दोन मिनिटांनी घसा खाकरणं बंद, त्यात तंतू एकमेकांवर धाडकन आपटतात, कफ सुटतो म्हणून बरं वाटतं आणि पाच मिनिटांत परत खाकरावंसं वाटतं. घोटभर पाणी प्या, नाहीतर नुसता आवंढा गिळा.

आता खरं औषध, ते मेडिकलमध्ये मिळत नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागून तोंडापाशी येणारा माईक. हे मी गमतीने म्हणत नाहीये. नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेत आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांचे चिठ्ठ्या टाकून गट केले, एकाला घशाची काळजी कशी घ्यावी ते शिकवलं (पाणी प्या, ओरडू नका, तेच ते), दुसऱ्याला असा माईक दिला, तिसऱ्याला काहीच नाही. सहा आठवड्यांनी माईकवाल्यांचा त्रास खरोखर कमी झाला, नुसत्या उपदेशवाल्यांचा नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी माईक, आवाजाचा घुमारा पुढे आणायची थेरपी, आणि श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम अशा तिघांची तुलना केली, पहिल्या दोघांनी फायदा झाला, श्वासाच्या व्यायामाने तसा नाही. प्राणायाम जरूर करा, तब्येतीला चांगला आहे, पण त्याने गाठी जातील म्हणून वाट बघत बसू नका.

तुमच्या पत्र्याला तर माईकशिवाय उत्तरच नाही. १९११ मध्ये एतियेन लोंबार्ड नावाच्या एका फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरांनी दाखवलं की आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, ठरवून नाही, आपोआप. त्यामुळे “पावसात ओरडायचं नाही” असं तुम्ही मनाशी कितीही ठरवलंत तरी पहिली सर आली की ओरडणारच. माईक लावलात तर तुमचा आवाज स्पीकरमधून तुम्हालाही ऐकू येतो, मग घसा चढत नाही. खूपच धो-धो असेल तर त्या तासाला चित्रं, गणितं, फळ्यावरून उतरवून घेणं. आणि पोरांना गप्प करायला घसा वापरायचाच नाही. टेबलावर एक घंटी ठेवा, नाहीतर टाळीचा ठेका, तुम्ही दोन वाजवायच्या पोरांनी तीन, पहिली-दुसरीच्या पोरांना हा खेळ इतका आवडतो की तीच वाट बघतात.

माईकने मार कमी होईल, पण बोलायची पद्धत बदलायला थेरपी लागेल. ती स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे ज्यांच्या नावापुढे ऑडिओलॉजिस्ट अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट असं असतं आणि ज्यांची रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते, तो नंबर विचारायला लाजू नका. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटल आहे, पुण्यातही मोठ्या हॉस्पिटलांना जोडलेले विभाग आहेत. त्यांना फोन करताना ‘व्हॉइस’चं काम करणारं कुणी आहे का हे मुद्दाम विचारा, कारण ह्या क्षेत्रातली बरीच मंडळी लहान मुलांचं बोलणं आणि श्रवणयंत्र ह्यातच बुडालेली असतात. पहिली भेट प्रत्यक्ष, पुढचं बरंचसं व्हिडिओ कॉलवर जमतं. साधारण सहा-आठ सेशन धरून चला.

तोवर घरी एक गोष्ट सुरू करा. ग्लासात दोन बोटं पाणी घ्या, त्यात साधी स्ट्रॉ बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती सैल पण बंद, हवा बाजूने सुटता कामा नये, आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणा. नुसते फुंकून बुडबुडे नाही काढायचे, आवाजासकट काढायचे, हात गळ्यावर ठेवलात तर थरथर जाणवली पाहिजे. आधी एकाच सोयीच्या सुरावर, मग खालून वर आणि वरून खाली हळू सरकत, बेंडबाजातल्या सनईसारखं जोर लावून नाही, मांजर गुरगुरतं तेवढंच. ओठांना गुदगुल्या होत असतील तर बरोबर चाललंय, गळा आवळल्यासारखा वाटला तर पाणी कमी करा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, शाळेला निघायच्या आधी आणि मधल्या सुट्टीत नक्की. होतं काय, की नळीमुळे हवेला पुढे अडथळा येतो, तो दाब मागे येऊन तंतूंना किंचित अलग धरतो, म्हणजे ते हलतात पण आपटतात कमी. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकापासून ह्यासाठी काचेच्या नळ्या वापरतात, नंतर वर सांगितलेल्या टिट्झेंनी त्यामागचं भौतिकशास्त्र मांडलं आणि साधी स्ट्रॉ जगभर पोचवली. शाळेत पोरं हसतील, हसू देत, त्यांनाही एकेक स्ट्रॉ द्या.

ज्येष्ठमध, खडीसाखर, कंकोळ, हळदीचं दूध, ह्या सगळ्याबद्दल मला दरवेळी विचारतात. चालू द्या, बरं वाटतं. पण तुम्ही जे गिळता ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही, शिवलं तर तुम्हाला जोरात ठसका लागेल, शरीराची तशी व्यवस्थाच आहे. पाण्याचंही तेच, ते रक्तातून फिरून तंतूंपर्यंत पोचतं, म्हणून तास सुरू व्हायच्या आधी घटाघटा पिण्यापेक्षा सकाळपासून थोडं थोडं प्या. (शाळेत बाथरूमची सोय नाही म्हणून शिक्षिका दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि तो घशाचा नाही, व्यवस्थेचा आजार आहे.) थेट तंतूंपर्यंत काही पोचत असेल तर ती वाफ, साध्या पाण्याची, त्यात बाम वगैरे नको.

ऑपरेशनचं काय? दोन्हीकडच्या नोड्यूलला आधी थेरपी, हे जवळपास सगळे आवाजाचे डॉक्टर सांगतील. नीट, मन लावून तीनेक महिने थेरपी करून फरक पडला नाही तर मग बोलू. पण त्याआधी एक करून घ्या, स्ट्रोबोस्कोपी. साध्या दुर्बिणीत तंतू इतक्या वेगाने हलतात की नुसतं धूसर दिसतं, स्ट्रोबमध्ये लाइट त्यांच्या वेगाच्या किंचित मागेपुढे चमकवतात त्यामुळे ती लाट संथ चालल्यासारखी दिसते. कधीकधी एका बाजूला सिस्ट, म्हणजे बंद पिशवीसारखी गाठ असते आणि तिच्या घर्षणाने समोरच्या बाजूला सूज येते, साध्या तपासणीत दोन्ही नोड्यूलच वाटतात, पण स्ट्रोबमध्ये सिस्टवर लाट अडलेली दिसते. सिस्ट असेल तर नुसत्या थेरपीने ती जात नाही, तेव्हा ऑपरेशनचा विषय खरा होतो. साताऱ्यात सोय नसेल तर पुण्यात होईल, डॉक्टरांकडून व्हिडिओची कॉपी मागून घ्या, तुमचा घसा आहे.

“आवाज कायमचा जाईल” असं जे तुम्हाला सांगतात ते हवेतून आलेलं नाही. ज्युली अँड्र्यूज ही एवढी मोठी गायिका-अभिनेत्री, १९९७ मध्ये स्वरतंतूंचं ऑपरेशन झालं आणि गाण्याचा आवाज गेला तो गेलाच, प्रकरण कोर्टात गेलं. कारण तेच, मऊ थर. पूर्वी तर तंतूंवरची त्वचा सोलूनच काढायचे. हिरानोंच्या थरांच्या कामानंतर सर्जनची दृष्टी बदलली, आता मायक्रोस्कोपखाली तेवढीच गाठ काढतात आणि खालच्या थराला हात लावत नाहीत. त्यामुळे धोका कमी झालाय, संपलेला नाही, आणि नेहमी फक्त आवाजाचीच ऑपरेशनं करणारा सर्जन आणि वर्षातून दोन करणारा सर्जन ह्यात फरक आहे. आणि ऑपरेशननंतर परत त्याच पत्र्याखाली तसंच ओरडलात तर गाठ परत.

भाच्याचा व्हिडिओ. तो खोटा नाहीये, म्हणून त्याला ओरडू नका (तसंही ओरडायचं नाहीच आहे). २०१५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नेथन वेल्हॅम ह्यांच्या टीमने काही वेगळ्या कारणांनी स्वरयंत्र काढलेल्या पेशंटच्या आणि एका मृतदेहाच्या स्वरतंतूंतून पेशी घेतल्या, कोलॅजनच्या जाळीवर वाढवल्या, दोनेक आठवड्यांत आवरणासारखा तुकडा तयार झाला. तो मेलेल्या कुत्र्याच्या काढून ठेवलेल्या स्वरयंत्रात बसवला, खालून ओलसर गरम हवा सोडली, आणि तो चक्क कंप पावला, आवाज आला. मी तो पेपर आला तेव्हा दोनदा वाचला होता, खरंच अंगावर काटा येतो. पण बघा, हे काम कुणासाठी आहे, तर ज्यांचा मऊ थर कॅन्सर, भाजणं, जुनी ऑपरेशनं ह्यात पार गेलाय त्यांच्यासाठी. तिकडे क्योटोत व्रण मऊ करायला ग्रोथ फॅक्टरची, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या द्रव्यांची इंजेक्शनं माणसांवर सुरुवातीच्या टप्प्यात करून बघितलीत, तीही व्रणासाठीच. तुमच्याकडे व्रण नाही, तुमचा थर शाबूत आहे. तेव्हा कुणी ‘स्टेम सेलने आवाज’ म्हणून पॅकेज दाखवलं तर सरळ उठून बाहेर या.

भजन सोडू नका. ते सोडलंत तर तुम्ही हा सगळा उद्योग दोन आठवडेसुद्धा करणार नाही. फक्त महिना-दोन महिने अभंग तुम्ही उचलू नका, मागे धरा, पेटीवाल्यांना दोन पट्ट्या खाली घ्यायला सांगा आणि मृदंगापासून लांब बसा. आणि शिकवणी गुरुवारी बंद ठेवा, भजन किंवा शिकवणी, एका संध्याकाळी एकच. बाकीच्या दिवशी शिकवणीत पोरांना मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही फक्त चुका दाखवा, बोट ठेवून.

मुख्याध्यापकांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण माईक म्हटलं की “आता सभा घ्यायचीय का” असं कुणीतरी म्हणणारच स्टाफरूममध्ये. म्हणू देत. आवाज बिघडणं हा शिक्षकांचा नाजूकपणा नाही, रॉय ह्यांच्याच २००४ च्या पाहणीत आयुष्यात कधीतरी आवाजाचा त्रास झाल्याचं ५७.७ टक्के शिक्षकांनी सांगितलं, इतर लोकांत ते प्रमाण २८.८ टक्के होतं. पोलंडमध्ये तर अनेक वर्षं आवाजावर काम केल्याने आलेले नोड्यूल व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरांकडून ‘वर्गात ध्वनिवर्धक वापरणं आवश्यक’ अशी एक ओळ लेटरहेडवर घ्या, अर्जाला जोडा, पोच घ्या.

आणि फोनवर रेकॉर्डिंग करत जा. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, पाढा म्हणा किंवा तोच एक परिच्छेद वाचा, मग श्वास भरून एक लांब ‘आ’. फोन तोंडापासून तेवढ्याच अंतरावर, खोली तीच. रोजच्या रोज स्वतःला फरक कळत नाही, सहा आठवड्यांच्या फाइल्स एकामागून एक लावल्या की कळतो, आणि थेरपिस्टला तुमच्या शब्दांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. पुण्याला स्ट्रोबला जाल तेव्हा त्याच फेरीत सासूबाईंचा नंबरही लावता आला तर बघा, पण त्यांची पहिली तपासणी त्यासाठी थांबवू नका, ती तालुक्यातच ह्या आठवड्यात करून टाका.